उतारावरच्या सावल्या

पडद्यावर वाडीमागचा डोंगर पिवळाजर्द दिसला आणि रेश्माने मांडीवरच्या चिमीला घट्ट धरलं.

भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना चादरी बांधून अंधार केला होता. ड्रोनच्या फोटोंवरून झाडझाडोऱ्याचा नकाशा करणारा ओंकार तो वाडीला दाखवत होता. हिरवी ती झाडी, पिवळं ते ओसाड. उद्या नकाशा तालुक्याला जाणार होता, आणि ओसाड ठरलेल्या उतारावर दगडखाणीला परवानगी मिळणार होती. खाणवाला मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता.

"ओसाड?" रेश्माची सासू बयाबाई उसळली. "आमची ऐनाची झाडं काय पलून गेली काय रे?"

"मावशी, फोटो मागच्या महिन्यातले आहेत. तिथे पानंच दिसली नाहीत."

"कवळतोड झालेली तवा," म्हातारा कोंडाजी म्हणाला. "भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या उतरवल्या. मुळं जाग्याव हायत."

"आता काय, कायपण सांगाल," खाणवाला हसला. "फोटो खोटं बोलत नाय, कोंडाजीभाऊ."

मुळं. त्या मुळांनीच तर डोंगर धरला होता. तरीही पावसाळाभर रेश्मा चिमीला दाराच्या बाजूला निजवायची. वरून माती सरकलीच तर उचलून पळता यावं म्हणून. आणि आता वर सुरुंग लागणार?

सभेत ती कधी बोलली नव्हती. आज ती चिमीला कडेवर घेऊन उठली.

"सर, नकाशा राहू द्या. नुसता फोटो दाखवा. मोठा करून."

ओंकारने रंग काढले. खाली तपकिरी माती उरली.

"आणखी मोठा. अजून... थांबा."

मातीवर बारीक काळ्या रेघा उमटल्या होत्या. उतारभर, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. प्रत्येकीच्या टोकाला एक झुपका.

"या काय आहेत?" रेश्माने विचारलं.

"सावल्या," ओंकार म्हणाला आणि पडद्याकडे झुकला.

"ओसाड जमिनीची एवढी लांब सावली पडते?" रेश्मा म्हणाली. "झुपके बघा. आमच्याकडे फांद्या उतरवतात, पण शेंडा कुणी तोडत नाही. शेंडा राखला की झाड पावसाआधी पुन्हा फुटतं."

ओंकारने एका रेघेवरून बाण मागे मागे नेला. बुडाशी काडीएवढा दांडा होता, आणि त्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका. त्याने दुसरी रेघ धरली. तिसरी.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी पसरलेली पानंच शोधत बसलो. हा उतार झाडीतच जायला हवा."

पिवळा रंग पुसला जाऊ लागला. एकेक तुकडा हिरवा होत वाडीकडे उतरू लागला आणि खोलीत एकच गलका उडाला.

"तो वाकडा ऐन आमचा!"

"तुजा कसला? बांधाच्या अल्याडचा माजा हाय!"

"भांडा मेल्यांनो, भांडा!" बयाबाई ओरडली. "भांडायला झाडं तरी रायली!"

खाणवाला उठला. दार उघडताच उन्हाचा झोत आत आला आणि पडदा फिका पडला.

"दार लाव रे भाऊ," कोंडाजीने हाक दिली. "आमची झाडं दिसंनात!"

हशात दार लागलं. तेवढ्यात रेश्माच्या कडेवरून खाली सरकलेली चिमी रांगत पुढे गेली आणि टेबलाचा पाय धरून थेट प्रोजेक्टरच्या उजेडात उभी राहिली. सवयीने रेश्माचा हात पुढे झाला, आणि थांबला.

हिरव्या डोंगरावर चिमीची सावली पडली होती. सगळ्या झाडांहून मोठी. कुणीही तिला बाजूला घेतलं नाही.