तिसरा खळगा

"बाबा, तो ग्रह खोटा आहे."

जिना चढताना ती एवढंच वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होती. खाली न्हाव्याने तिला दुकानाच्या दारातच गाठलं होतं, हातात कात्री तशीच. "ताई, बाबांनी ग्रह शोधला म्हणे! तिथे दुकानाला एखादा गाळा मिळतो का, तेवढं बघा." खुर्चीतलं साबण फासलेलं गिऱ्हाईकही हसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो ग्रह तिनेच पेरला होता.

तिच्या संस्थेची अंतराळातली दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्ट्यातल्या हजारो ताऱ्यांवर डोळा ठेवून असते. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो आणि आलेखात खळगा पडतो. यंत्राने नाकारलेले आलेख माणसं पुन्हा डोळ्यांखालून घालतात. बघणाऱ्याची नजर तपासायला मधूनच एखादा खोटा खळगा पेरायचा, ही तर कामाची रीतच. पण तिने पेरला तो नजर तपासायला नव्हे. बाबा वेधशाळेतून निवृत्त झालेले, तिचे पहिले गुरू. त्यांची दृष्टी झपाट्याने चालली होती. ती वर्षभरही टिकेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून या पट्ट्याचे उरलेले आलेख तिने मोठ्या कागदावर छापून त्यांना दिले आणि रिकाम्या हाताने उठायला नको म्हणून त्यात एक ठसठशीत खळगा घातला. आंधळ्यालाही सापडेल असा, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. आता तो शब्द आठवला की तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

काल बाबांचा फोन आला. "सापडला गं!" असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खरं सांगायची तीच वेळ होती. ती म्हणाली, "वा, बाबा!"

त्या ताऱ्यावर आणखी लक्ष ठेवावं, अशी शिफारस बाबांनी रीतसर तिच्या कार्यालयात पाठवूनही दिली होती. त्या पट्ट्यात दुसरं काहीच हाती लागलं नव्हतं. म्हणजे एका खोट्या ग्रहासाठी दुर्बीण आणखी महिनाभर तिथेच खोळंबणार. शिफारशींची यादी तिच्याच हातात होती. आज सकाळी तिने शिफारस न उघडताच खोडली. भिंग धरून बाबांनी किती मन लावून ते लिहिलं असेल, ते वाचणं तिला जमलं नसतं. दुपारी दुर्बीण वळली. इंधन मोजकं असतं, एकदा वळली की लगेच मागे फिरत नाही. पुन्हा त्या पट्ट्याकडे यायला दुर्बिणीला दोन वर्षं लागणार होती.

बाबा खिडकीशी, टेबलावर वाकून बसले होते. उन्हं होती तरी दिवा लावलेला.

"आलीस? बस."

ती बसली नाही. बसली तर धीर सुटेल, हे तिला माहीत होतं. "बाबा, तो ग्रह खोटा आहे. मीच पेरला होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. माझं चुकलं."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. आणि ते खो खो हसत सुटले.

"तो होय! तो मी पहिल्याच दिवशी बाजूला काढला. खऱ्या ताऱ्याचा खळगा इतका गुळगुळीत असतो का कधी? अगं, बापाला घास भरवायचा तर निदान चावायला काहीतरी ठेवायचंस!"

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या मायेने पेरलेलास. तुला वाईट वाटलं असतं."

"मग... तुम्ही कळवलात तो?"

"तो वेगळाच." त्यांनी चाचपत एक कागद तिच्यासमोर सरकवला. वेड्यावाकड्या रेघेत दोन बारीक खळगे होते. तिच्या नजरेतून नक्कीच निसटले असते. यंत्राच्या तर निसटलेच होते. तिने दोनदा, तीनदा बघितलं. दोन्ही अगदी सारखे, तेवढेच खोल. खरे.

"एक पडला तर योगायोग, दोन पडले तर शंका," बाबा म्हणाले. लहानपणी गच्चीत झोपाळू डोळ्यांनी तिने हे शंभरदा ऐकलं होतं. "तिसरा पडला की ग्रह. आणि या दोघांतलं अंतर धरलं, तर तिसरा उद्या पडतोय."

ती खुर्चीत बसली. "बाबा..." एवढंच तोंडून फुटलं.

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कागद चेहऱ्याजवळ धरून त्या दोन खळग्यांवरून बोट फिरवत होते.

"उद्याचा आलेख असाच मोठ्या कागदावर छापून आण," ते म्हणाले. "तेवढा तिसरा बघू दे मला. मग हे डोळे गेले तरी माझी काही तक्रार नाही."