मागचं चाक

ब्रेकचे लायनर बदलून झाले होते. पण मोटारसायकलचं मागचं चाक धाकट्याला एकट्याला बसवता येईना. चाक तोलून धरावं, तर ॲक्सल घालायला हात उरत नव्हता. "दादा, जरा ये की!" लहानपणाच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

समोरच्या ओट्यावरचा दादा क्षणभर बघत राहिला, मग उठला. वाटणीच्या रागात धाकट्यानं त्याला आईच्या तिरडीला खांदा देऊ दिला नव्हता. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

दादानं टायरखाली पाय घालून चाक उचललं. ॲक्सल आरपार गेला. धाकट्यानं नट आवळला आणि आत हाक दिली, "अगं, दोन कप चहा टाक. दादा आलाय!"

"राहू दे," मातीनं हात चोळत दादा म्हणाला. "आईला उचलायला मी नको होतो. चाक उचलायला चालतो, भरून पावलो."

चहा आला तेव्हा समोरचं दार लागलं होतं.