लाइट गेल्यावर

न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर वारा सुटला की लाइट जाते. खाडीतल्या बोटी कुठे आहेत ते दाखवणारा बाबांचा जुना कॉम्प्युटर हलक्या लिनक्सवर, नुसत्या मेमरीत चालतो. लाइट गेली की त्याची पाटी कोरी. मग सगळी पॅकेजं, म्हणजे त्यावरची सॉफ्टवेअरं, इंटरनेटवरून पुन्हा उतरवायची, आणि बाबांकडे इंटरनेट नाही. म्हणून दर वादळानंतर मी राहते त्या सेंट जॉन्स शहरातून इंटरनेटसाठी माझा फोन घेऊन यायचे.

शेवटी कंटाळून मी कॅश, म्हणजे उतरवलेलं जपून ठेवायची सोय, लावून दिली. सगळी पॅकेजं पेन ड्राइव्हवर साठवली, तो कॉम्प्युटरला मागे खोचला आणि प्लग काढून, पुन्हा लावून दाखवला. कॉम्प्युटर आपला आपण उभा राहिला.

"म्हणजे आता तुला यायला नको," बाबा म्हणाले.

"नको. हा पेन ड्राइव्ह तेवढा काढू नकोस."

"मी कशाला काढू?"

पुढच्या वादळानंतर फोन आला. "बर्नी, तुझी ती कॅश काही चालत नाही."

मी पोचले. मागे पेन ड्राइव्ह नव्हता.

"मला त्यातलं काय कळतंय," म्हणत बाबा वाटाण्याचं सूप ढवळत राहिले.

चहा करावा म्हणून मी टी बॅगांचा डबा उघडला. वरच पेन ड्राइव्ह होता. मी झाकण लावलं.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

"सगळं पुन्हा उतरवावं लागेल. आज मुक्कामच करावा लागणार."

"बरं," बाबा म्हणाले. "तुझ्या खोलीतला हीटर सकाळीच लावलाय."