रोज रात्री येतेत

वांगी संपून महिना झाला, तरी परसबागेत रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून भोवती बांधलेल्या साड्या गुलाबराव सोडू देईनात. साड्या त्यांच्या बायकोच्या, वत्सलाबाईंच्या होत्या. वत्सलाबाई दिवाळीआधी वारल्या.

"मामाजी, उन्हानं चिंध्या होऊन राह्यल्या त्यायच्या," सून निकिता म्हणाली. "बागेत हिरवं पान नाही. रोही येतीन कायले?"

"येतेत. रोज रात्री येतेत."

"बरं, पाहू." तिनं शेतावरचा, अंधारातलंही टिपणारा कॅमेरा आणून कडुनिंबाला बांधला.

सकाळी ती मोबाइलवर रात्रीचं चित्रण पाहत बसली. गुलाबरावांनी चहा बशीत ओतला आणि तिच्या मागून डोकावले. अंधारातलं इतकं स्वच्छ दिसत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. रोही एकही नव्हता. बनियनवरचा एक म्हातारा एकेक साडी चाचपत कडेकडेनं चालला होता. मग एक पदर गालाशी धरून तो खाली बसला.

बशी त्यांच्या हातात तशीच राहिली.

निकितानं मोबाइल बंद केला, आत गेली आणि पेटीतली सासूबाईंची आणखी एक साडी घेऊन आली.

"खरंच येतेत, मामाजी. विहिरीकडून शिरतेत. तिकडं ही बांधा."