हापूसच्या बागेचा कौल

बाग विकायची नाही, असं शेवटी ठरलं. पण ते अजून झालंच नाही असं समजून आपण कुमुदआत्याबरोबर ग्रामदेवीच्या देवळात उभे राहू.

आत्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, हापूसची बाग ट्रस्टमध्ये ठेवताना अट घातली होती: विकायची तर आधी देवीचा कौल घ्यायचा. ट्रस्टचे लाभार्थी, म्हणजे आत्याचे दोन्ही भाचे, विकायला उतावीळ होते. बाग सांभाळण्यात आयुष्य घातलेली आत्या ट्रस्टची एकटी विश्वस्त होती. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली, म्हणजे होकार. भाच्यांनी देवळातच एकमेकांना टाळी दिली.

"थांबा रे," आत्या म्हणाली. "आप्पांना बाग जवळजवळ फुकटात मिळालेली. येईल तो सगळा नफाच, आणि त्यावर कर लागणार. तो कोण भरणार?"

"ट्रस्ट भरेल की!" थोरला म्हणाला.

"ट्रस्ट म्हणजे मीच, मेल्या! गुरवकाका, विचारा देवीला, भाच्यांनी कर आधी भरायचा आणि मगच बाग विकायची का?"

गुरवाने पुन्हा पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवी अशी टपकली, जणू कधीची वाटच पाहत होती.

धाकट्याला एकाएकी आंब्यांबद्दल माया दाटून आली. आत्याने हसू पदराआड लपवलं आणि घरी जाऊन दोघांना आमरस वाढला.

थोरल्याने मात्र हात धुताच ट्रस्टकडे रीतसर अर्ज दिला: "सदर बाग न विकता, तिच्या विक्रीतून होणारा नफा तेवढा लाभार्थींना करमुक्त वाटण्यात यावा, ही नम्र विनंती."