भरलेल्या गाड्या

दिवे मंद झाले, पंखा रेंगाळला आणि बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनने शिट्टी मारली. लेक हातातलं काम टाकून धावली. तिने नळी मशीनमधून काढून सिलिंडरला जोडली. सिलिंडरचा काटा लाल खुणेला टेकला होता. नवा उद्या यायचा होता. दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

"दवाखान्यात नाही ना नेणार?" बाबांनी विचारलं. हल्ली ते एवढंच विचारत. गेल्या खेपेला तिथे महिनाभर छताकडे बघत पडले होते. घरी आल्यावर तिचा हात धरून म्हणाले होते, काय व्हायचं ते माझ्या खाटेवर होऊ दे. तिने शब्द दिला होता.

"नाही हो बाबा. मी आहे ना," ती म्हणाली.

रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. वायरमनला विचारून झालं होतं. तो म्हणाला, "ताई, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जुना. लोक कामावरून येतात आणि अख्खी गल्ली एकदम गाड्या चार्जिंगला लावते. तो बिचारा किती ओढणार? मोठा मागवलाय, येईल तेव्हा खरा. तोवर निम्म्यांनी झोपताना लावल्या, तरी निभेल." पण हे दारोदार सांगायचं कुणी? तिला मेलं कुणापुढे तोंड वेंगाडणं जमत नसे. आज मात्र तिने पायात चपला सरकवल्या.

बाहेर प्रत्येक फाटकाआड गाडी आणि प्रत्येक गाडीला वायर. समोरचे काका आत्ताच आले होते. पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती, पण गाडीला वायर लावून मोकळे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, गाडीत किती चार्जिंग आहे?"

"आहे की, अर्ध्याच्या वर."

"म्हणजे दोन दिवस पुरेल. मग आल्या आल्या कशाला लावता? सगळ्या गल्लीला कसली एवढी घाई? गाड्या लागल्या की आमच्या घरात मशीन बंद पडतं. तिकडे माझ्या बाबांचा श्वास अडकतोय."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी वायर उपटली आणि शेजारच्यांना हाका मारायला वळले. तेवढ्यात कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि गल्ली अंधारात बुडाली.

वायरमन येईल, बघेल, दुरुस्त करेल. तोवर सिलिंडर पुरणार नव्हता. दिलेला शब्द तिला स्वतःच्याच तोंडाने मोडायचा होता.

"दवाखान्यात न्यावं लागेल," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

एकेक दार उघडलं. शेजारची नर्सबाई आली, पलीकडचा दाढीवाला आला, वरच्या मजल्यावरचं भांडकुदळ जोडपंही आलं. ज्याच्या त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

"माझी न्या, भरलेली आहे," दाढीवाला म्हणाला.

"माझीही तयार आहे," नर्सबाई म्हणाली.

ती एकेकाकडे बघतच राहिली. काकांना तिच्याकडे बघवेना.

"गेल्या खेपेला तू माझ्या दारात आलीस आणि माझ्या गाडीत चार्जिंग नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हाच गल्लीने ठरवलं. तुला ओशाळं वाटेल म्हणून बोललो नाही. घरात पाऊल टाकायच्या आधी गाडी लावायची, बाबांना कधी लागली तर."