डांबराची रेघ

प्राणहितेवर आमच्या घाटाची नाव मी चालवते, म्हणून गाव मला कप्तानबाई म्हणतं. नावेच्या अंगाला बाहेरून डांबराची रेघ ओढलेली असते. रेघ पाण्याला टेकली की नाव भरली, मग मी कोणालाच घेत नाही.

त्या दुपारी माझी लेक सुनयना हिला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडच्या काठाला. जावई भारत तिला धरून घाटावर आला, तर रिकामी नाव रेघेपर्यंत बुडालेली होती.

पाणी शिरलं असेल म्हणून मी वाकून पाहिलं. तळ कोरडा होता.

"मामी, काऊन थांबल्या? पोरीपरीस रेघ मोठी झाली काय?" भारत म्हणाला.

मी दोघांना बसवलं आणि वल्हं हातात घेतलं. रेघ पाण्याखाली गेली. मधल्या धारेत पाणी नावेच्या काठाला लागलं. आणखी बोटभर चढलं असतं तर आत आलं असतं.

नाव जड झाली की जुने नावाडी पाण्याला हात लावून एक वाक्य म्हणत. मीही हात लावला.

"जास्तीचं जे कोणी असंल, त्यानं उतरावं."

नाव वर उचलली गेली. घाटावर माणूस उतरल्यावर उचलली जाते तशीच. भारत जागेवर होता. सुनयनाही होती.

तिचं कण्हणं मात्र थांबलं होतं. दोन्ही हात पोटावर ठेवून ती मागे पडलेल्या पाण्याकडे पाहत होती.

"माय," ती म्हणाली, "नाव मांगं फिरव."